सगळे गेम एकाच माळेचे मणी नव्हेत

गेल्या रबीउल अव्वलमध्ये आमच्या मोहल्ल्यात ‘इस्लाहे मुआशरा’चा जलसा होता. मौलानांच्या बयानाआधी दहा मिनिटं शिक्षक म्हणून मी बोलायचं, असं ठरलं होतं. विषयही ठरलेला : ‘मोबाईल, गेम आणि आपली बिघडलेली पिढी’. हे भाषण मला तोंडपाठ आहे. दहा-बारा वर्षांपासून पालकसभांत, शाळेच्या गॅदरिंगला, निकालाच्या दिवशी मी तेच देत आलोय. गेममुळे डोळे गेले, नमाज गेली, दहावीचा निकाल गेला. लोक माना डोलावतात, चहा होतो, सगळे आपापल्या घरी जातात आणि घरी गेल्यावर मुलाच्या हातातला मोबाईल हिसकावतात. दुसऱ्या दिवशी तो परत देतात.

त्या रात्री माईक हातात आला आणि ते भाषण घशातून बाहेर येईना. मी म्हणालो, “गेलं वर्षभर मी स्वतः गेम खेळतोय.” पुढच्या रांगेत हशा पिकला. सदरसाहेबांनी हसत हसत माईक घेतला, “सर मजाक कर रहे हैं,” म्हणाले आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. माझं उरलेलं भाषण तिथेच राहिलं. ते इथे लिहितो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. वय ४६. बी.एड.ची फाईल अजून कपाटात आहे. बहिणीचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडेच राहतो. एका रात्री अकरा वाजता त्याच्या खोलीत दिवा दिसला. लॅपटॉप काढून घ्यायचा असं ठरवूनच मी आत गेलो. पडद्यावर मेंढ्या होत्या! भाचा त्या मेंढ्या हाकत एका इमारतीजवळ आणत होता. मी विचारलं, हे काय? तो घाबरत म्हणाला, “मामू, एज ऑफ एम्पायर्स. इसमें सलाहुद्दीन भी है.”

सलाहुद्दीन अय्यूबीचं नाव ऐकून मी खुर्ची ओढली. इथेच माझं काम बिघडलं म्हणा किंवा सुधारलं म्हणा.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ १९९९ साली अमेरिकेतल्या एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीने काढला. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि जगभरातले लोक आजही तो खेळतात. त्यात सलाहुद्दीनची एक पूर्ण मोहीम आहे, ११८७ च्या हित्तीनच्या लढाईसकट. गंमत अशी की ती कहाणी सांगतो सलाहुद्दीनच्या माणसांच्या हाती सापडलेला एक युरोपी सरदार. महिनाभर मी ती मोहीम खेळलो. इतिहास खेळातून शिकता येत नाही, तो पुस्तकातूनच शिकावा लागतो. पण हित्तीननंतर काय झालं हे शोधायला भाचा माझ्या कपाटातलं पुस्तक स्वतःहून काढून बसला, हेही खरं.

मग तो म्हणाला, “मामू, मशीन के साथ बहुत हुआ. अब आदमी के साथ खेलो.” इंटरनेटवर कुठल्याशा देशातला एक माणूस माझ्यासमोर आला. वीस मिनिटांत माझं राज्य जळून खाक झालं. पहिल्या दहा डावांपैकी मी नऊ हरलो.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला तुमच्याकडे तीन गावकरी, एक टेहळणी करणारा घोडेस्वार आणि गावाच्या मध्यभागी एक मोठी इमारत असते. गावकरी अन्न जमवतात, लाकूड तोडतात, सोनं-दगड खणतात. एक नवा गावकरी हवा असेल तर ५० अन्न लागतं आणि खेळाच्या घड्याळातली २५ सेकंदं जातात. दर पाच माणसांमागे एक घर बांधावं लागतं. पुढच्या युगात जायचं तर आधी ५०० अन्न साठवावं लागतं. भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार हलक्या बरचीवाल्याला भारी आणि बरचीवाला तिरंदाजाला भारी. सगळ्यांना भारी पडेल अशी फौज या खेळात नाहीच. त्यामुळे समोरचा काय करतोय हे आधी जाऊन बघावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे पाळी नसते. बुद्धिबळात तुम्ही विचार करत बसलात तर समोरचाही बसून राहतो. इथे तुम्ही डोकं खाजवत असता त्याच क्षणी तो तुमच्या लाकूडतोड्यांवर चाल करून येत असतो. शेत, फौज, घरं, शत्रू या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवायचं. आमच्या घरातल्या बायका एका शेगडीवर भात, दुसऱ्या शेगडीवर सालन ठेवून, रडणाऱ्या पोराला सांभाळत दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करतात, तसंच काहीसं. मला ते जमत नव्हतं.

हरल्यावर मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण या लेखाचा सगळा मुद्दा तिथेच आहे. मी म्हणालो, नेट स्लो होतं. मी म्हणालो, समोरच्याने काहीतरी लबाडी केली. मी म्हणालो, तुर्कांची बाजू घेतली हीच चूक झाली. माझ्या वर्गातली मुलं नापास झाल्यावर जी कारणं सांगतात, ती सगळी मी ४६ व्या वर्षी सांगितली.

या खेळात झालेल्या डावाची नोंद राहते. तो डाव पुन्हा बघता येतो, तुमच्या बाजूनेही आणि समोरच्याच्या बाजूनेही. भाच्याने माझा एक हरलेला डाव उघडला आणि थांबत थांबत दाखवला. पहिल्या पंधरा मिनिटांत माझी मुख्य इमारत एकूण चार मिनिटं रिकामी उभी होती. कधी अन्न कमी पडलं म्हणून, कधी घर बांधायला विसरलो म्हणून, तर कधी मी लांबच्या किरकोळ चकमकीत रमलो होतो म्हणून. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंदं. एका गावकऱ्याला २५ सेकंदं या हिशोबाने माझे नऊ गावकरी जन्मालाच आले नाहीत. शिवाय होते त्यातले तिघे जंगलाच्या कडेला हातावर हात ठेवून उभे. भाचा म्हणाला, “मामू, तुम हारे नै. तुमारे आदमी खाली बैठे थे.”

शत्रू येण्याआधीच मी हरलो होतो. तो फक्त निकाल सांगायला आला.

त्यानंतर मी शंभरपानी वही केली. सहा जण मेंढ्यांवर, चार लाकडावर, मग रानडुक्कर गावाजवळ आणायचं, मग बोरं. एकच सुरुवात यंत्राबरोबर वीस-वीस वेळा गिरवली. प्रत्येक हारलेल्या डावानंतर एकच ओळ लिहायची : कुठे हरलो. ‘कुणामुळे हरलो’ असं लिहायचं नाही. महिन्याभराने पानं चाळली, तर बहुतेक ओळी त्याच त्या होत्या. मी शंभर प्रकारे हरत नव्हतो, तीनच प्रकारे हरत होतो.

आता शाळेकडे या. बी.एड.ला आम्हाला ‘उपचारात्मक अध्यापन’ शिकवलं होतं. विद्यार्थी कुठे चुकतो ते शोधा, मग तेवढंच पुन्हा शिकवा. त्यावर परीक्षेत मी छान उत्तर लिहिलं होतं. प्रत्यक्षात इतक्या वर्षांत मी काय केलं? पेपर तपासले, ४० पैकी ११ लिहिलं, लाल गोल काढला आणि पेपर परत दिला. मुलाने तो चार घड्या घालून दप्तराच्या तळाशी कोंबला. घरी बापाने पाहिला तर दोन थपडा. संपलं! हरलेला डाव पुन्हा कुणी उघडलाच नाही. मीही नाही, बापानेही नाही, मुलाने तर नाहीच.

या वर्षी घटक चाचणीनंतर मी दोन तास वेगळे काढले. प्रत्येकाने आपला पेपर घ्यायचा, मार्क गेलेली प्रत्येक जागा वहीत लिहायची आणि समोर कारण लिहायचं. नववीतला एक मुलगा, जो स्वतःला मराठीत ‘ढ’ समजायचा, आठ चुका घेऊन आला. आठपैकी पाच चुका एकाच जातीच्या होत्या : ‘माझी पुस्तक’, ‘ती पुस्तक हरवली’ असल्या. उर्दूत किताब स्त्रीलिंगी. उर्दूला दोनच लिंगं, मराठीला तीन. घरात उर्दू-दखनी बोलणाऱ्या आमच्या मुलांचा पाय नेमका त्या तिसऱ्या लिंगावर घसरतो. त्या मुलाला मराठी येत नव्हती असं नाही. तो एकच चूक पाच वेळा करत होता. हे त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि मला कळलं तेव्हा माझी मान खाली गेली, कारण ही गोष्ट मी त्याला पाचवीत असताना सांगायला हवी होती.

ही अक्कल मला कुठल्या प्रशिक्षण शिबिरात आली नाही. ती मेंढ्या हाकताना आली. म्हणून ‘गेम म्हणजे वेळेची नासाडी’ हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही.

पण मला गेमची वकिली करायची आहे असं कुणी समजू नये. आता दुसरी बाजू ऐका. तिच्यामुळेच हा लेख लिहितोय.

माझा एक जुना विद्यार्थी, वय १९, कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करायचा. तोही मोबाईलवर ‘गेम’ खेळायचा. त्याचा गेम वेगळा होता. आधी पन्नास रुपये लावा, जिंकलात तर नव्वद घ्या. सुरुवातीला जिंकला. मग हरला. मग हरलेले काढायला आणखी लावले. बहिणीच्या निकाहसाठी ठेवलेले ४० हजार गेले, वर उधारी झाली. मुलगा घर सोडून गेला आणि तीन महिन्यांनी परत आला. त्याचा बाप माझ्याकडे आला तो भांडायला नव्हे. खाली बघत म्हणाला, “सर, तुम्हीच सांगितलं होतं, सगळे गेम सारखेच. मला वाटलं, बाकीची पोरं खेळतात तसा हापण खेळतोय. रागावलो, सोडून दिलं.”

या वाक्याने माझी झोप उडवली. आपण ‘गेम’ नावाचं एकच पोतं केलंय. त्यात विचार करायला लावणारा खेळ, वेळ घालवायचा खेळ आणि उघडउघड जुगार हे सगळं एकत्र कोंबलंय आणि वरून काठी मारतोय. त्यामुळे जे पोरगं शिकतंय त्यालाही काठी बसते आणि जे लुटलं जातंय ते त्याच पोत्यात लपून राहतं. सगळ्यालाच हराम म्हटलं की कुठलंच हराम वेगळं दिसत नाही. त्या बापाला फरक कळला नाही याला मी जबाबदार आहे. आणि त्या जलशात माना डोलावणारे आपण सगळे जबाबदार आहोत.

गंमत म्हणजे फरक करणं ही आपलीच जुनी विद्या आहे. सूरह अल-माइदामध्ये जुगाराची मनाई शराबेच्या सोबत, एकाच आयतीत आली आहे. पण खेळाबद्दल फुकहांनी बारकाईने विचार केला. शतरंजचंच घ्या. जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर शाफई मसलकात ते मकरूह मानलं गेलं, हराम नव्हे. हनफी मत त्याहून कडक आहे. म्हणजे कोकणातल्या आमच्या बांधवांच्या मसलकात एक मत, आम्हा घाटावरच्यांच्या मसलकात दुसरं. मतभेद होते, पण दोन्हीकडे प्रश्न विचारले जात होते : पैसा लागलाय का? फर्ज चुकतंय का? बगदादच्या अब्बासी दरबारात दहाव्या शतकात अबू बक्र अस्-सूली शतरंजचा उस्ताद म्हणून गाजला आणि त्याने या खेळावर ग्रंथही लिहिले. आपण मात्र प्रश्न विचारायचं सोडून दिलं आणि फक्त आवाज चढवायला शिकलो.

सरकारनेही हा फरक कायद्यात आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. कायद्याला जे दिसलं ते आपल्या व्यासपीठांना अजून दिसत नाही. आणि कायदा झाला म्हणून निश्चिंत राहू नका. मटक्यावर बंदी आहे म्हणून मटका थांबला का?

दक्षिण कोरियाचं उदाहरण इथे आठवण्यासारखं आहे. १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ हा याच जातीचा खेळ आला. तेव्हा तो देश नुकताच मोठ्या आर्थिक संकटात सापडला होता. गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ म्हणजे इंटरनेट कॅफे उघडले आणि पोरं तिथे हा खेळ शिकली. टीव्हीवर सामने दिसू लागले, २००० साली संघटना उभी राहिली, पुढे हवाई दलाने स्वतःचा संघही काढला. मग २०१० मध्ये उघड झालं की काही नामांकित खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेऊन मुद्दाम हरत होते. त्यांच्यावर कायमची बंदी आली आणि लोकांचा विश्वास उडाला. दहा-बारा वर्षं खेळ होता तोवर टिकला. सट्टा शिरला आणि त्याला कीड लागली. धोका कुठून येतो, ते यातून समजून घ्या.

आता तुमचे आक्षेप. ते मला माहीत आहेत, कारण काल-परवापर्यंत ते माझेच होते.

व्यसन लागतं. हो, लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत घेतलंय. पण तिथेही अट आहे : खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळणं सुटत नाही, आणि हे सहसा निदान वर्षभर चालतं. रोज एक डाव खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नव्हे. मी स्वतः एका रात्री ‘हा शेवटचा’ म्हणत तीन वाजेपर्यंत बसलो आणि माझी फजर गेली. ते लपवत नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम केला : इशानंतर एक डाव, फार तर दोन, सुट्टीच्या दिवशीही तेवढेच. भाच्यालाही तोच नियम, आणि मी नियम मोडला तर मला टोकायचा हक्क त्याला आहे.

दुसरा आक्षेप उर्दूवाले हमखास काढतात : प्रेमचंदांची शतरंजवाली कथा विसरलात का? अवध बुडत होतं आणि ते दोघे नवाब डाव मांडून बसले होते! विसरलो नाही, वर्गात शिकवली आहे. पण ती कथा जबाबदारीतून पळणाऱ्या माणसांची आहे. त्या दोघांच्या हातात शतरंजऐवजी कबुतरं असती, मुशायरा असता, तरी ते असेच पळाले असते. आज घराची जबाबदारी टाळून रात्री बारापर्यंत चौकात राजकारणावर तोंड वाजवणारे आमचे बुजुर्ग कोणता गेम खेळतात? त्यांच्यावर जलसा कधी होणार?

तिसरी गोष्ट मुलांसाठी. बेटा, यातून पोट भरेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. असल्या खेळांवर जगणारे जगात अगदी मोजके. माझा भाचा डिप्लोमा करेल आणि नोकरी शोधेल. खेळ त्याला फक्त एवढंच शिकवेल की नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत नाकारलं गेल्यावर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचं नसतं. वही उघडून लिहायचं असतं, कुठे हरलो. मला विचाराल तर ही शिकवण छोटी नाही. आमच्या समाजात दहावी-बारावीला एकदा नापास झालेली किती मुलं पुन्हा परीक्षेला बसतात, हे शिक्षक म्हणून मी डोळ्यांनी पाहतो. पहिल्या हारेनंतर त्यांचा डाव कायमचा मिटतो. आपण त्याला ‘नशीब’ म्हणतो, गॅरेजमध्ये नाहीतर मागावर लावून देतो आणि मग व्यासपीठावरून समाज शिक्षणात मागे का, म्हणून रडतो.

म्हणून पालकांना माझी विनंती. हिसकावण्याआधी अर्धा तास मुलाच्या शेजारी बसा आणि तीन गोष्टी विचारा. प्रत्येक डावामागे हा गेम पैसे मागतो का? हा डाव कुठेतरी संपतो का, की संपूच नये असा बनवलाय? आणि तू हरलास तर का हरलास, हे मला सांगू शकतोस का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर एक मिनिटही थांबू नका. दुसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं तर वेळ बांधून द्या. तिसऱ्याचं उत्तर मुलाने नीट दिलं तर त्याला तोच प्रश्न गणिताच्या पेपराबद्दल विचारा.

आणि माझ्या शिक्षकबंधूंनो, लाल गोल काढून पेपर परत देणं थांबवा. हरलेला डाव मुलाबरोबर बसून उघडा.

सदरसाहेबांनी परवा मशिदीबाहेर गाठून सांगितलं, “सर, अगले साल मौजू बदल देंगे.” मी म्हणालो, मौजू तोच राहू द्या. फक्त दहा मिनिटांऐवजी अर्धा तास द्या, आणि पोरांना मागच्या रांगेतून पुढे आणून बसवा.